सातव्या शेडमधला उजेड

१

विनिफ्रेड ड्रान्सफील्डचं अख्खं आयुष्य शनिवार दुपार ते सोमवार सकाळ या दरम्यान कधीतरी चोरीला गेलं.

आयुष्य म्हणजे टाइप केलेली तीनशे चाळीस पानं. ती मी लिहिली होती. दोन वर्षं बाईंसमोर वही घेऊन बसलो, त्यांचा चहा प्यायलो, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यांच्या नावाने एक आत्मचरित्र उभं केलं. आधी ते चारशे पानांचं होतं. फाफटपसारा मी छाटला. वेकफील्डच्या साप्ताहिकात तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढी कात्री चालवता येतेच. पुस्तकाचं नावही मीच दिलं होतं, ‘एकहाती’. विशीतल्या एका पोरीने हातगाडीवर रुबार्बच्या आंबट गुलाबी देठांच्या जुड्या विकायला सुरुवात केली आणि पन्नास हंगामांत रुबार्ब अंधारात वाढवायच्या अकरा शेड, मुरंब्याचा कारखाना आणि दोनशे माणसांचं बिऱ्हाड उभं केलं. याला दुसरं काय नाव द्यायचं?

फेब्रुवारी १९६९. त्या सोमवारी लीड्सहून छापखान्याचा माणूस यायचा होता. मी ऑफिसचं कपाट उघडलं. ज्या बिस्किटांच्या डब्यात पानं होती तो पत्र्याचा डबा जागेवर नव्हता.

"कार्बन प्रत कुठेय?" रॉडनीने विचारलं. रॉडनी हा बाईंचा भाचा आणि कंपनीचा मॅनेजर.

"त्याच डब्यात."

"दोन्ही प्रती एकाच डब्यात! थ्यूलिस, तुम्हाला पेपरात तीस वर्षं ठेवून कुणी घेतलं हो?"

मी पुन्हा कपाटाचे कप्पे चाचपले. तेवढ्यात बाई आल्या. वय एकोणसत्तर, पायात गमबूट, डोक्यावर पुरुषी टोपी, उंची माझ्या खांद्याइतकी. त्यांनी रिकामं कपाट पाहिलं, मग मला पाहिलं.

"पोलिसांना फोन करू का, आत्या?" रॉडनी म्हणाला.

"पोलीस कशाला? त्यांना रुबार्ब आणि कोबी यातला फरक कळत नाही. माझ्या आवारात काय हललं, ते मी शोधीन. थ्यूलिस, तू माझ्याबरोबर राहा. तुझ्यावरही माझी नजर राहील."

ऑफिसच्या भिंतीवर बाईंचा एकच नियम रंगवलेला होता. ‘किल्ली ज्याच्या हातात, जबाब त्याने द्यायचा.’ याच नियमावर बोट ठेवून त्यांनी १९३१ साली सख्ख्या भावाला, म्हणजे रॉडनीच्या बापाला, गेटबाहेर काढलं होतं. आवारातल्या प्रत्येकाला ती गोष्ट ठाऊक होती. रॉडनीला तर पाठच होती.

त्याने भिंतीकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "शनिवार-रविवार ऑफिसची किल्ली म्यूरिअलकडे होती."

२

म्यूरिअल हेग शेडमध्ये रुबार्ब काढायची आणि शनिवारी ऑफिस झाडायची. नवरा चार वर्षांपूर्वी खाणीतल्या अपघातात गेला. तेव्हापासून ती दोन लेकरांसह कंपनीच्या घरात राहत होती.

बाई आणि मी तिला गाठायला गेलो ते मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. ती बाकावर बसून पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री, खात होती आणि मांडीवरच्या कादंबरीची पानं भराभर उलटत होती. वाचनालयाचा शिक्का होता.

"या आठवड्यातली तिसरी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "तुमच्यासारख्यांनी जरा लांब लिहावं. चहा थंड व्हायच्या आत संपतात."

"म्यूरिअल," बाई म्हणाल्या, "शनिवारी कपाटात डबा पाहिला होतास?"

"पाहिला, बाई. वरून धूळ पुसली."

"आणि किल्ली?"

"माझ्याकडे होती."

"सगळा वेळ? दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही?"

म्यूरिअलने हातातला तुकडा कागदात गुंडाळला. चांगला अर्धा उरला होता. "किल्ली माझ्याकडे होती, बाई. मी एवढंच सांगणार."

"अगं, पण तुला कळतंय का..."

"कळतंय. चांगलं कळतंय." तिने ॲप्रनच्या खिशातून एक लिफाफा काढून बाईंच्या हातात दिला. रॉडनीचं पत्र. शनिवारी दुपारी बारापर्यंत डबा परत आला नाही, तर नोकरी संपली आणि घर रिकामं करायचं. खाली झोकदार सही.

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पत्र घडी घालून परत दिलं. "हे कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही. कशाला तमाशा?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पत्र फाडून टाका की. मालक तुम्ही आहात."

"फाडून टाकलं तर काय होईल? उद्या सगळे म्हणतील, बाईंनी चोरटीला सांभाळून घेतलं. मग तिला या आवारात मान वर करून चालता येणार नाही. नाही, थ्यूलिस. मी नाव शोधणार आणि शनिवारच्या आत शोधणार. आणि त्या पत्राबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढू नकोस."

मला म्यूरिअलचा राग आला होता. घर जायची वेळ आली तरी ही तोंड उघडेना. कुणाला वाचवत होती ती?

३

रॉडनीने आम्हाला खुर्च्या दिल्या, पण चहा विचारला नाही.

"माझ्यावर संशय? आत्या, मी ते हस्तलिखित दोनदा वाचलंय. थ्यूलिसना सूचनाही दिल्यात. मी कशाला चोरू?"

"तिसऱ्या प्रकरणात मी काय म्हटलंय?" बाईंनी विचारलं. त्यांनी स्वतः पुस्तकाचं एक पानही वाचलेलं नव्हतं. मी सांगितलेलं मला ठाऊक, असं त्यांचं म्हणणं असायचं.

"की जिवंत आहात तोवर कंपनी विकणार नाही."

"आणि तू लंडनच्या लोकांना दोनदा जेवायला घेऊन गेलास. छापून आलं की तुझी पंचाईत. होय ना?"

रॉडनी कानापर्यंत लाल झाला. "व्यवसाय आहे हा. पण त्यासाठी मी डबे पळवत नाही. शनिवारी मी ब्रॅडफर्डला लग्नात होतो, रविवारी रात्री परत आलो. दोनशे माणसांनी पाहिलंय मला."

"आणि सोमवारपासून?"

"सोमवारपासून इथेच. तिसऱ्या शेडमध्ये मोजमाप घेत होतो, तर तुमच्या ईनॉकने सगळ्यांदेखत माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला! मॅनेजरच्या हातातला! म्हणे उजेडाने पानं हिरवी पडतात. १९६९ साल आहे, माणसं चंद्रावर निघालीत, आणि आम्ही अजून मेणबत्त्या घेऊन शेडमध्ये."

"ईनॉकने बरोबर केलं," बाई म्हणाल्या. "हिरवं पान म्हणजे कडक देठ. कडक देठ लंडनच्या बाजारात गाढवही खात नाही."

रॉडनी उठला. जाता जाता दारातून वळून म्हणाला, "माझ्या वडिलांना जबाब द्यायला पाच दिवस मिळाले नव्हते. एका तासात बाहेर काढलंत. म्यूरिअलला मी शनिवारपर्यंत दिलेत. याहून जास्त मेहेरबानी कशाला?"

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. तिथून गेटकडे बघत राहिल्या.

४

उरला ईनॉक लम. शेडचा मुकादम. पहाटे पहिली शेगडी तो पेटवायचा आणि संध्याकाळी शेवटचं दार तो लावायचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत गेलेला, सतराव्या वर्षी बाईंकडे आलेला, आता सहासष्ट वर्षांचा. बोलायला लागला तर आठवड्याला दहा वाक्यं, त्यातली सहा कोळशाबद्दल.

बुधवारी सहाव्या शेडची काढणी होती. माणसं बाहेर आल्यावर तो एका उलट्या खोक्यावर बसून फुटबॉलचे निकाल वाचत होता. काळं बोट एकेका अक्षराखालून सरकत होतं. आम्ही येऊन उभे राहिलो, मी पाइप भरला, पेटवला, तरी बोट हडर्सफील्डच्या निकालापाशीच.

"ईनॉक, शनिवारी ऑफिसच्या बाजूला कुणी दिसलं?"

"नाही, बाई. कुणी दिसलं नाही."

"अनोळखी माणूस? गाडी?"

"काही नाही." त्याने पेपराची घडी घातली. "कोळसा ओला आलाय. कोळसेवाल्यांना सांगा जरा."

"सांगते. तुझी तब्येत बरी नाही का? डोळे सुजलेत."

"धूर," तो म्हणाला आणि उठून गेला. एरवी तो जाता जाता मला टोमणा मारायचा, ‘काय लेखकराव, आज कुठलं खोटं लिहिताय?’ त्या आठवड्यात त्याने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मला वाटलं, बरं झालं.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या समोरच्या फळ्याकडे बघत होत्या. कुठल्या शेडची काढणी कधी, हे त्यावर खडूने लिहिलेलं असायचं.

"थ्यूलिस, सहावी शेड कधी काढली?"

"आज. आत्ता."

"आणि सातवी?"

मी वाचलं. "पुढच्या सोमवारी."

"सहावी आणि सातवी दोन्हींत रुबार्बचे गड्डे शेतातून एकाच दिवशी आणले. शेगड्या एकाच दिवशी पेटवल्या. मी उभी होते." त्यांनी फळ्यावर बोट फिरवलं. सातच्या आकड्यापुढे आधी काहीतरी लिहून पुसलेलं होतं. "मग सातवीला पाच दिवस उशीर का?"

५

गुरुवारी सकाळी आम्ही सातव्या शेडमध्ये शिरलो. दारावर गोणपाटाचे दोन पडदे असतात. पहिला सोडल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. बाईंनी सळईच्या टोकावर मेणबत्ती खोचली, पेटवली आणि हाताच्या आडोशाने पुढे धरली.

आत ऊब होती आणि ओल्या मातीचा वास. दोन वर्षं शेतात थंडी खाऊन जाडजूड झालेले गड्डे एकमेकांना खेटून मांडलेले, आणि त्यातून वर आलेले हजारो गुलाबी देठ, टोकाला मुडपलेली पिवळी पानं. कान दिला की कळ्या फुटताना फट् फट् आवाज येतो. मी त्या भागातलाच, पण तो आवाज ऐकून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

"बघ," बाई कुजबुजल्या.

"काय बघू? रुबार्ब आहे."

"डोळे आहेत की गुंड्या? देठ कुठे बघतायत ते बघ."

मग मला दिसलं. दाराजवळचे देठ सरळ उभे होते. पण आत जाऊ तसे ते एका बाजूला कलत गेले होते, आणि शेवटच्या कोपऱ्यापाशी तर सगळेच्या सगळे माना वळवून एकाच जागेकडे झुकलेले. चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या पाद्र्याकडे माणसं कलतात तसे.

"अंधारात रुबार्ब सरळ वर जातो," बाई म्हणाल्या. "त्याला वाकायचं कारणच नसतं. हा वाकला, म्हणजे त्या कोपऱ्यात उजेड होता. एकदा नाही, रोज. तासन्तास, एकाच जागी."

त्या कोपऱ्यात एक उलटं खोकं होतं. शेजारी मातीत सळई रोवल्याचं भोक. खोक्याच्या कडेला मेणाचे ओघळ.

"इथे बसून कुणीतरी काम करत होतं," मी म्हणालो.

"काम नाही. वाचत होतं." बाईंनी खोक्यामागे हात घातला आणि गोणपाटाखालून एक गोष्ट बाहेर काढली.

माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

मी झाकण उघडायला हात पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली आणि डबा होता तिथे परत ठेवला.

"पण बाई, मिळाला की! म्यूरिअल सुटली!"

"डबा मिळाला. नाव नाही मिळालं."

६

बाहेर आल्यावर बाई भिंतीच्या कट्ट्यावर बसल्या. मी पाइप पेटवला. 

"आता बोला," मी म्हणालो. "रॉडनी?"

"रॉडनीने आधीच दोनदा वाचलंय. आणि अंधारात बसायची वेळ आली तर तो टॉर्च घेऊन बसेल. सोमवारी ईनॉकने एक काढून घेतला, तर दुसरा आणील. टॉर्चच्या उजेडात चार दिवसांत पानं हिरवी झाली असती. तू पानं पाहिलीस? पिवळीधमक. उजेड होता तो मेणबत्तीचा, आणि तीही खाली, जमिनीलगत, काढणीला लावतात तशी. ज्याने डबा नेला त्याने चोरी करतानाही पिकाला जपलंय. तो शेडमधला माणूस आहे."

"मग म्यूरिअल."

"म्यूरिअल चहा थंड व्हायच्या आत पुस्तक संपवते. तुझी पानं तिने रविवारी रात्रीपर्यंत चाटूनपुसून खाल्ली असती आणि सोमवारी डबा गुपचूप जागेवर ठेवला असता. इथे माणूस शनिवारपासून वाचतोय आणि अजून डबा तिथेच आहे. म्हणजे वाचून संपलेलं नाही. त्याला आणखी दिवस हवे होते, म्हणून सातव्या शेडची काढणी पुढे गेली. आता सांग. सावकाश कोण वाचतं? आणि फळ्यावर खडू कुणाचा चालतो?"

मी पाइप खाली ठेवला. अक्षराखालून सरकणारं काळं बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"मी त्याला विचारलं, कुणी दिसलं का," बाई म्हणाल्या. "तो म्हणाला, नाही. खोटं नाही बोलला तो. मीच चुकीचं विचारलं."  दोन वर्षांत पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या. "ईनॉकने मागितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? पन्नास वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे एक खिळा मागितला नाही. आणि आता हे. का, थ्यूलिस? का?"

का, ते मला त्याच क्षणी कळलं. घरी बुटांच्या खोक्यात पडलेली, मी छाटलेली साठ पानं आठवली. मी भित्रा माणूस आहे. मी म्हणालो, "त्यालाच विचारू."

७

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं सातव्या शेडमध्ये अंधारात उभे होतो. पडदा हलला. मेणबत्ती आत आली, तिच्यामागे ईनॉक. त्याने सळई त्याच भोकात रोवली, खोक्यावर बसला, डबा काढला, आणि चष्म्याची काडी कानामागे अडकवता अडकवता त्याला बाईंचे गमबूट दिसले.

तो उठला नाही. पळाला नाही. म्हणाला, "विनी, एकशे नव्वदाव्या पानावर आलोय."

आवारात त्याने त्यांना नावाने हाक मारलेली मी कधीच ऐकली नव्हती.

"का नेलास डबा?"

"रॉडनी म्हणत होता, बाईंचं सगळं आयुष्य आहे यात. म्हटलं, वाचून बघू. शनिवारी म्यूरिअल झाडत होती. तिला म्हटलं, किल्ली दे, शेगडीची वही घ्यायचीय. तिने दिली. म्हटलं, रविवारी वाचून सोमवारी ठेवून देऊ." त्याने बोटांकडे पाहिलं. "पण ही बोटं चालतात त्या वेगानेच मी वाचणार ना. आणि मग थांबवेना. म्हटलं, पुढच्या पानावर येईन. त्याच्या पुढच्या पानावर येईन."

"कोण येईल?"

"मी, विनी. बाराव्या पानावर ‘खाणीतला एक मुलगा’ आहे. तो मी असेन. त्यानंतर मी कुठेच नाही. सत्तेचाळीसच्या बर्फात माल नेलेल्या घसरगाड्या आहेत. त्या आपोआप चालल्यासारख्या स्टेशनला गेल्यात."

मेणबत्तीची ज्योत हलत होती. 

"मला वाईट एवढंच वाटलं," तो म्हणाला, "की तू दोन वर्षं बोलत होतीस, आणि मी तुला आठवलो नाही."

"आठवला नाहीस?" बाई जवळजवळ ओरडल्या. "अरे, पहिल्या थंडीत शेगडी विझत होती, माझ्याकडे कोळशाचा खडा नव्हता, आणि तू खाणीच्या ढिगाऱ्यातून वेचलेला कोळसा पोत्यात घालून तीन मैल पाठीवरून आणायचास. एकोणीस दिवस! मी मोजलेत. तू लग्नाचं विचारलंस, मी म्हटलं आधी शेड उभी राहू दे, आणि तू परत विचारलंच नाहीस. तेसुद्धा मी सांगितलं याला! तू आहेस त्यात. नीट बघ!"

"नाही आहे, विनी."

"त्यांनी सांगितलं होतं, ईनॉक," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "सगळं सांगितलं होतं. साठ पानं होती. मी कापली."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या अंधारात लपायला भरपूर जागा होती, पण उपयोग नव्हता.

"रॉडनी म्हणाला, एकटीने उभं केलं असं असलं तर खपेल. पण त्याच्यावर ढकलत नाही. मला नाव आवडलं होतं. ‘एकहाती’. नाव आवडलं आणि मग जे नावात बसेना ते मी काढून टाकलं."

 शेडमध्ये फट् फट् चालू होतं.

"थ्यूलिस," बाई शेवटी म्हणाल्या, "कधी भरलेली हातगाडी चढावर नेलीयस?"

"नाही, बाई."

"एक जण पुढून ओढतो, एक मागून ढकलतो. एकट्याने नेली तर ती माणसाला घेऊन खाली येते. ही गोष्ट वेकफील्डमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते." मग त्या ईनॉककडे वळल्या. "आणि तुला हे ठाऊक आहे का, की उद्या बारा वाजता म्यूरिअलचं घर जातंय? किल्ली तिच्या हातात होती म्हणून. ती तुझं नाव घ्यायला तयार नाही."

ईनॉक इतक्या झटक्याने उठला की खोकं उलटलं. "म्यूरिअलचं? कुणी? कधी?" आणि उत्तराची वाट न बघता तो पडद्याकडे निघाला. दोन्ही पडदे त्याने एकदमच बाजूला सारले. दिवसाचा उजेड भसकन आत आला. पन्नास वर्षांत त्याने असं पहिल्यांदाच केलं असेल.

८

शनिवारी बाराला पाच मिनिटं असताना, ईनॉकने बोलावल्यावरून, अख्खं आवार ऑफिससमोर जमलं होतं. ईनॉक भिंतीवरच्या नियमाखाली उभा राहिला. डोक्यावरची टोपी हातात.

"किल्ली म्यूरिअलने मला दिली होती. डबा मी नेला. ती माझ्यासाठी गप्प राहिली. तिचा काही दोष नाही."

म्यूरिअल रडत होती आणि रागाने म्हणत होती, "कशाला बोललास रे, म्हाताऱ्या? माझ्या नवऱ्यानंतर हे घर तूच मिळवून दिलंस ना?"

रॉडनी पुढे आला. "नियम तर नियम, आत्या. १९३१ साली माझ्या वडिलांना एक न्याय आणि..."

"तुझ्या बापालाही हाच न्याय होता," बाई म्हणाल्या. "त्याच्या हातात किल्ली होती आणि त्याने इथे, याच भिंतीखाली उभं राहून, आपली चूक झाकायला पॅकिंगमधल्या एका पोरीचं खोटं नाव घेतलं. त्या खोट्यासाठी मी त्याला काढला. किल्लीसाठी नव्हे. तुला ते कधी सांगितलं नाही, कारण तो तुझा बाप होता. सांगायला हवं होतं. चूक माझी."

रॉडनी भिंतीवरच्या नियमाकडे बघत राहिला. मला पहिल्यांदाच त्याची दया आली.

"ईनॉकने आपण होऊन जबाब दिलाय. त्याची शिक्षा ही, की म्यूरिअलचं परस वसंतात तो एकटा खणून देईल. रॉडनी, ते पत्र तू लिहिलंस, तूच तिच्या हातातून घे आणि तिच्यासमोर फाड. आणि थ्यूलिस..."

मी मान खाली घातली.

"ती साठ पानं घेऊन ये. छापखान्याला सांग, थांबा. नाव बदल. काय ठेवायचं ते मला विचारू नकोस, पण त्यात ‘एक’ हा आकडा दिसला तर बघ."

सोमवारी सातव्या शेडची काढणी झाली. सरळ देठ लंडनला गेले, वाकलेले मुरंब्याला. मुरंबा दोन्हींचा सारखाच होतो.

तीन आठवड्यांनी मी नव्या पुस्तकाचं पहिलं पान घेऊन जेवणाच्या सुट्टीत गेलो. बाईंना द्यायला नव्हे. ते मी ईनॉकपुढे ठेवलं. त्याने हात पुसले, चष्मा लावला. बोट पहिल्या ओळीवर आलं. बाकावरची सगळी माणसं खायची थांबली. म्यूरिअलने कादंबरी मिटली.

‘चढावर आमची हातगाडी मी पुढून ओढायचे, आणि मागून ईनॉक लम ढकलायचा.’

बोट त्याच्या नावाखाली आलं आणि तिथेच थांबलं. चहा थंड झाला तरी ते हलेना. मला वाटलं, अक्षर लागत नाहीये. मग त्याने नाक ओढलं आणि मान हलवली.

"हे चुकलं, लेखकराव. मी ढकलायचो नाही. जोर सगळा तिचाच. गाडी मागे येऊ नये म्हणून मी नुसता खांदा लावायचो."

दारात गमबूट वाजले. बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक.

"तो म्हणतोय तसंच लिही," त्या म्हणाल्या.

मी तसंच लिहिलं. या वेळी एक शब्दही कापला नाही.